पायगतीकडची भिंत

आप्पांची खाट माजघरात होती आणि खिडकी चुकीच्या बाजूला. आमच्या माजघराला खिडकी एकच, तीही हातभर, आणि ती उघडायची मागच्या दरडीवर. तिच्यातून दिसायची ती ओली तांबडी माती, मातीला धरून लोंबणारी मुळं आणि पावसाळ्यात त्या मुळांवरून ओघळणारं पाणी. बघण्यासारखं जे काही होतं ते सगळं घराच्या पुढं. पुढं खळं, खळ्याखाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची शेतं, शेतांच्या टोकाला व्हाळ, म्हणजे आमचा ओढा, आणि व्हाळापलीकडून जंगलात शिरणारी कुंभारवाड्याची वाट. पण हे सगळं आप्पांच्या पायगतीला जी भिंत होती तिच्या पल्याड. खाट ओटीवर आणावी तर आमच्याकडचा पाऊस ओटीवर आडवा येतो, आणि उन्हाळ्यात त्यांना नुसतं हलवलं तरी कंबरेतून अशी कळ निघायची की ते पंच्याचं टोक दातात धरायचे. काही दिवसांनी त्यांना बाहेर नेण्याचं कुणी बोलेनासं झालं. मग तेही बोलेनासे झाले.

ते ऐनाच्या झाडावरून पडले होते. शेतात घालायला पाला लागतो, त्यासाठी वाडीतले सगळेच बापये वर चढून डहाळ्या तोडायचे. आप्पा त्यात सगळ्यांत उंच जाणारे. त्या दिवशी फांदी ओली होती, एवढंच. घोंगड्याची झोळी करून त्यांना रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपनं जोयड्याला, जोयड्याहून बेळगावला. गेले तसेच आडवे परत आले, ते पुन्हा बसले नाहीत. ज्या माणसाला मधाची पोळी कुठल्या कड्याला धरलीत, कुठल्या राईत अळंबी आधी उगवते हे पायांनी माहीत होतं, त्याला देवानं एक खाट दिली आणि दरडीवरची खिडकी.

घर मात्र थांबलं नाही. घर थांबलं की खायला काय? आई पहाटे उठून चुलीवर नाचणीची आंबील ठेवायची आणि तिचा रटरट आवाज सुरू झाला की आम्हाला जाग यायची. मग शेजारच्या घरातून उखळात मुसळ पडल्याचा आवाज, गोठ्यातून बैलांच्या गळ्यातल्या लाकडी लोडण्यांचा ठोक ठोक आवाज, आणि जंगलाकडून धनेश उडत गेला तर त्याच्या पंखांचा, कुणीतरी धापा टाकत चालल्यासारखा. आप्पा आवाजांवरून दिवस ओळखायचे. तांदळाची भाकरी आणि कुळथाची आमटी हे रोजचं जेवण. पावसाळ्यात फणसाच्या आठळ्या आणि अळंबी, थंडीत जमिनीतून काढलेले करांदे आणि कणगं. आई ती चुलीच्या राखेत भाजायची, साल काढून फुंकर घालून आप्पांच्या हातावर ठेवायची. तांबड्या मुंग्यांची चटणी त्यांना फार आवडे, पण मुंग्यांची घरटी उतरवायला झाडावर चढावं लागतं. त्यानंतर ती चटणी आमच्या घरात झाली नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. आईनं केली नाही आणि कुणी मागितली नाही.

आई बोलायची कमी. दिवसभर शेतात, नाहीतर लोकांच्या शेतात, नाहीतर सरपणाला. घरी आली की चूल, मग आप्पांचं अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला तेल लावणं. तिच्या हाताला कधी रिकामं बघितल्याचं मला आठवत नाही. म्हणून असेल, तिच्या हातात आणखी काही असू शकेल हे आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नाही.

आप्पा विचारायचे. शेतावरून कुणीही आलं की विचारायचे. वाफ्यात पाणी कुठवर चढलं, बांध कुठं फुटला, लांडोरीनं पिलं काढली का, व्हाळावरची फळी आहे की वाहून गेली. शेवंती, माझी धाकटी बहीण, तिला जमेल तसं फडाफडा सांगायची. माझं तसं नव्हतं. मी बोलण्यात कच्चा. शब्द तोंडापर्यंत यायचा आणि दाराशी आलेल्या पाहुण्यासारखा तिथंच उभा राहायचा. शाळेत त्यामुळं मार बसला, आणि सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा आप्पांच्या दुखण्याच्या दुःखापेक्षा त्या सुटण्याचा आनंद मला मोठा होता, हे आता लिहिताना विचित्र वाटतं. एकदा भात पोटरीतून बाहेर आलं होतं आणि आप्पांनी विचारलं, कणसं किती वाकलीत. मी अडखळलो. हातानं दाखवायला गेलो, तेही नीट जमेना. तेव्हा चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि त्यांच्या पायगतीच्या भिंतीवर, पांढऱ्या मातीनं सारवलेल्या, एक कणीस ओढलं. वाकलेलं. मग त्याच्या शेजारी दुसरं, कमी वाकलेलं. मग बांध.

आप्पा पुष्कळ वेळ बघत होते. मग म्हणाले, "वरच्या वाफ्यातलं एवढं वाकल्यालं न्हाई. जा, बघून ये."

मी गेलो. बघून आलो. त्यांचं बरोबर होतं. त्यांनी शेत बघितलंच नव्हतं, तरी बरोबर होतं.

माझं सगळं शिक्षण म्हणजे हे. त्यानंतर मी रोज काहीतरी भिंतीवर आणू लागलो. कोळसा होताच. दरडीच्या मातीतून तांबडा मिळाला, हळदीतून पिवळा, पाल्याच्या रसातून हिरवा, जो दोन दिवसांत काळवंडायचा. शिंदीची काडी चावून चावून तिचा कुंचला केला. ऋतू बदलला की आई ओल्या फडक्यानं भिंत पुसून पांढरी माती फिरवून द्यायची आणि मी पुन्हा सुरुवात करायचो. रोपं, लावणी, कापणी, मळणी, खळ्यावर भाताची रास. आप्पा खाटेवरून दुरुस्त्या सांगायचे. हा बैल चालत न्हाई, उभा हाय. ह्या बाईच्या डोईवर भारा हाय तर मान एवढी मोकळी कशी. प्रत्येक वेळी त्यांचं सांगणं एकच असायचं, जा, बघून ये. आज मला कुणी मुलाखतीत विचारतं की तुमचे गुरू कोण, तेव्हा मी आप्पांचं नाव सांगतो, आणि लोकांना वाटतं ते चित्रकार होते. त्यांनी उभ्या जन्मात एक रेघ ओढली नव्हती.

शिमग्यानंतर वाडीत नाटक असायचं. त्याचे पडदे रामनगरहून भाड्यानं यायचे आणि पडद्यांबरोबर यायचे बाबली मेस्त्री. रस्ता, राजवाडा, जंगल आणि घर, एवढ्या पडद्यांत साऱ्या जगातली नाटकं बसवणारा माणूस. बुटके, पान खाणारे, बोटांच्या नखांत कायम निळा रंग. त्या वर्षी त्यांचं जेवण आमच्याकडं होतं. ते आप्पांची विचारपूस करायला माजघरात वाकून शिरले आणि भिंतीपाशी थांबले. आप्पांची विचारपूस करायचं राहूनच गेलं. जेवताना त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली आणि हात धुताना आप्पांना म्हणाले की पोराला माझ्याबरोबर द्या, खाऊन पिऊन राहील, हात वळेल.

मी नको म्हणालो असतो. शेत होतं, आईला हात हवा होता, आणि भिंत होती. पण आप्पांनी मला जवळ बोलावून घेतलं. त्यांचं बोलणं मी अनेकदा आठवलं आहे, त्यामुळं त्यातला शब्द न् शब्द त्यांचाच असेल अशी खात्री देत नाही.

"सोमा, मी हितं पडलोय म्हणून तू बी हितंच पडून ऱ्हाणार काय? जा. आनी मधीच यिऊ नको. काम अर्धं टाकून आल्यालं मला चालायचं न्हाई."

"मग भिंत?" मी विचारलं.

"भिंत कुठं जात्याय?" आप्पा म्हणाले.

आई चुलीपाशी होती. सकाळी तिनं भाकऱ्या आणि भाजलेले करांदे फडक्यात बांधून दिले आणि व्हाळापर्यंत आली. फळी ओलांडून मी मागं बघितलं तेव्हा ती वळून निघालीही होती. बैल सोडायचे होते.

रामनगर म्हणजे माझ्या दृष्टीनं आवाजाचं गाव. बेळगावहून गोव्याकडं जाणारे ट्रक गावाच्या पोटातून जायचे, त्यांचे भोंगे, गॅरेजमधली घणाची ठणठण, बाजारात मराठी, कन्नड आणि कोकणी एकाच वाक्यात. मेस्त्रींची शेड गॅरेजच्या मागं होती. तिथं पावसाळ्यात पुढच्या हंगामाचे पडदे रंगवायचे. मांजरपाटाचे पट्टे शिवून चौकटीवर ताणायचे, सरस उकळून त्यात रंगाची पूड कालवायची. त्या सरसाचा वास असा की पहिले काही दिवस मला घास गिळवेना. मेस्त्री माणूस चांगला, पण शिकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते मला डबे घासायला, सरस ढवळायला, ट्रकच्या पाठीमागची जुनी अक्षरं खरवडायला लावायचे आणि स्वतः पाठ फिरवून रंगवायचे. विचारलं तर म्हणायचे, बघत ऱ्हा की. बघायचं कसं ते मला घरूनच माहीत होतं. दुपारी ते झोपले की मी जुने, चिरलेले पडदे उलगडून बसायचो. कुणीतरी कधीतरी रंगवलेला रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंची घरं मागं मागं लहान होत गेलेली. ती तशी का होतात ते मला समजेना. आमच्या जंगलात एवढी लांब सरळ वाटच नाही की जिच्यावरून जाणारा माणूस लहान होताना दिसावा. तो दिसेनासा होतो, झाडाआड जातो. मग एके दिवशी गोव्याच्या रस्त्यावर उभा राहून मी लांब जाणारा ट्रक बघत राहिलो आणि समजलं. आप्पांच्या भिंतीवर मी सगळं एकाच अंतरावर काढलं होतं. तिथं जवळ आणि लांब असं काही नव्हतंच. त्या दिवशी मला घरी जावंसं फार वाटलं, हे त्यांना सांगायला.

गेलो नाही. रफीक नावाचा जीपवाला कुंभारवाड्याकडं जायचा, त्याच्याकडून निरोप येत आणि जात. आप्पा बरे आहेत. शेवंतीला ताप होता, उतरला. लावणी झाली. मी विचारायचो, भिंत पुसली का. त्याला काय माहीत? आईकडून आठळ्यांचं गाठोडं यायचं, आणि आप्पांचा निरोप तोच, मधीच येऊ नको. चतुर्थी आली. चतुर्थीला आमच्याकडं मुंबईपुण्याला गेलेला माणूससुद्धा घरी येतो. पण मेस्त्रींनी त्याच वेळी एका मंडळाच्या गणपतीमागचा पडदा संपूर्ण माझ्या हाती दिला होता. माझा पहिला पडदा. मी त्यावर जंगल काढलं, लांब लांब जात निळं होत गेलेलं. लोक आले, बघून गेले. विसर्जन झालं की घरी जायचं, पडद्याचं सगळं आप्पांना सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

विसर्जनाच्या सुमारास पाऊस असा लागला की घाटात दरडी आल्या आणि जोयड्याच्या पुढं गाड्या बंद झाल्या. रफीकची जीप अलीकडंच अडकली. त्या दिवसांत आमच्याकडं फोन नव्हते. रस्ता उघडला आणि रफीक आला, तेव्हा तो शेडच्या बाहेरच उभा राहिला, आत येईना, तेव्हाच मला समजायला हवं होतं. आप्पांना छातीत कफ दाटला आणि ते गेले. काकांनी अग्नी दिला. माझी वाट बघण्यात अर्थ नव्हता, पाऊस होता, लाकडं ओली होती. मी पोचलो तो बाराव्याच्या आदल्या दिवशी. व्हाळाचं पाणी उतरलं होतं, फळी वाहून गेली होती, मी कंबरेएवढ्या पाण्यातून आलो.

माजघरात खाट नव्हती. पायगतीची भिंत पांढरी होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, नुकतीच सारवलेली. मातीचा ओला वास येत होता. माझी आत्ती, आप्पांची थोरली बहीण, घर शुद्ध करायला म्हणून दारात शेणसडा घालत होती. मला वाटलं भिंतही तिनंच सारवली. सुतक फिटताना घर सारवतातच, त्यात विचारायचं काय? मी शिमग्याआधी काढलेली मळणी तिथं असणार आणि ती आता नाही, एवढंच मी समजलो. त्याचं वाईट वाटलं, पण आप्पाच नव्हते तिथं भिंतीचं काय.

पुढचं लोकांना माहीत आहे. मेस्त्री थकल्यावर पडदे मी घेतले. खानापूर, बेळगाव, गोव्याच्या सीमेवरची गावं, जत्रा तिथं माझे पडदे. ते दिवस गेले, फ्लेक्स आला, पडदे उंदरांनी खाल्ले. मग देवळांची छतं, मग जंगलात नवीन झालेल्या होमस्टेंच्या भिंती, आणि उतारवयात कुणाच्या तरी मनात आलं म्हणून बेळगावात प्रदर्शन. शेतं काकांच्या मुलांना करायला दिली आणि आईला मी रामनगरला आणलं. ती माझ्याकडं कितीतरी वर्षं राहिली. मी रंगवत असताना ती दाराशी बसून तांदूळ निवडायची. पडदा झाला की बघायची आणि म्हणायची, बरं झालंय. एकदा आभाळाचा निळा नुसता फिरवायचा होता, माझा खांदा दुखत होता, मी गमतीनं कुंचला तिच्यापुढं धरला. तिनं हात पदराखाली घेतले. म्हणाली, मला काय येतंय त्यातलं.

तिला जाऊन आता बरेच दिवस झाले. तिच्या वर्षश्राद्धाला शेवंती आली होती. दुपारी सगळे पांगल्यावर आम्ही दोघं मागच्या पडवीत बसलो होतो, ती तिच्या गावाकडून आणलेले करांदे सोलत होती. बोलता बोलता मी म्हणालो की आप्पा गेले तेव्हा आत्तीनं ती भिंत सारवली नसती तर बरं झालं असतं, माझी ती मळणी तरी बघायला मिळाली असती.

शेवंती थांबली. "आण्णा, मळणी कुठली? तू गेलास आनी मिरगाच्या सुमाराला आईनं ती पुसली की."

"पुसली? का?"

"आप्पा म्हणायचे, पाऊस आला तरी भितीवर मळणीच चाललीया. मग आईनं पुसली आनी रोपं काढली."

मी विचारलं, कुणी काढली. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"आईनं. तुझा कोळसा, तुझ्या काड्या. शेतातनं आली की भाकरी टाकायच्या आधी भितीपुढं जायची. तुझ्यासारखं न्हाई जमायचं तिला. आप्पा हसायचे. पर ती काढायचीच. पाऊस बोटांनी काढायची, राखेच्या पाण्यात बोटं बुडवून वरनं खाली. लावणीच्या बाया काढल्या, त्यात मी बी हुते." तिनं दुसरा करांदा हातात घेतला. "तुला ठाव न्हाई हे? मला वाटलं तुला आईनं सांगितलं आसंल."

आईनं सांगितलं नव्हतं. माझ्या दाराशी बसून तिनं इतकी वर्षं तांदूळ निवडले आणि सांगितलं नाही. आप्पांनीही निरोपात सांगितलं नव्हतं, बहुधा मी धावत आलो असतो म्हणून. मी शेवंतीला एक एक विचारत गेलो. व्हाळ कसा काढला, बैल होते का, रंग कुठला. तिला थोडं आठवत होतं, थोडं नाही. ती तेव्हा लहान होती. शेवटी मी विचारलं की मग सुतकात आत्तीला ते पुसू तरी कसं दिलं आईनं.

"आत्ती नको म्हणालती. ऱ्हाऊ दे म्हणाली, सोमाला बघू दे. आईनं आयकलं न्हाई. सवता पुसली. म्हणाली, बघणारा गेला, आता कुणासाठी ठेवू?"

त्या पडवीत मला प्रथमच आमच्या जुन्या घराचा राग आला, कुणा माणसाचा नाही, त्या पावसाचा, त्या दरडींचा, आप्पांच्या निरोपांचा. मी आयुष्यभर भिंती आणि कापडं रंगवली, देशोदेशीच्या चित्रांची पुस्तकं चाळली, आणि आमच्या घरातल्या ज्या एका माणसानं कुणी न सांगता, कुणी न शिकवता, फक्त एका जिवासाठी चित्रं काढली, त्याचं एकही चित्र मी बघितलं नाही. परत काढून दाखव असं म्हणायलाही आता कुणी नाही. मी शेवंतीच्या सांगण्यावरून ती भिंत कागदावर उतरवण्याचा प्रयत्न पुष्कळ केला. होतं ते माझं चित्र. नीट, जवळचं जवळ, लांबचं लांब. तिचं होत नाही.

करांद्यांचं टोपलं संपत आलं होतं. शेवंती म्हणाली, "तू बी हुतास की भितीवर."

"मी?"

"कडंला वाट काढल्याली, कुंभारवाड्याची. तिच्यावर तू. डोईवर गाठोडं. आप्पा रोज विचारायचे, सोमा कुठवर आला. आई चार-आठ दिसांनी तुला पुसायची आनी जरा अल्याड काढायची. तेवढंच आप्पांना बरं वाटायचं. चवथीला तू व्हाळाच्या काठापतूर आलतास. आप्पा म्हणाले, आता आण की त्येला घरात. आई म्हणाली, पाणी लई हाय, उतरू दे, पोराला पाण्यात घालू काय?"

शब्द तोंडापर्यंत येऊन तिथंच उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा. मग मी विचारलं की मी दिसायला कसा होतो, तोंड कसं काढलं होतं आईनं माझं.

"तोंड न्हवतं काढलं," शेवंती म्हणाली. "मी इचारलंतं तिला. ती म्हणाली, लांबनं येणाऱ्याचं तोंड कुठं दिसतंय. जवळ आला म्हंजे काढू."